जुन्या ५७५ ला परवडणारा लोडर: काय बघून घ्यावा?

गोठेवाला फलटण

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००३ सालचा महिंद्रा ५७५ डीआय आहे. इंजिनचं काम झालेलं आहे, क्लचप्लेट त्याच वेळी नवी टाकली. स्टेअरिंग साधं, ब्रेक कोरडे, पुढे ६.००-१६ चे टायर आणि मागे १३.६-२८. नांगरट आता भाड्याने करून घेतो, त्यामुळे हा ट्रॅक्टर ट्रॉली आणि कुट्टी मशीन एवढ्यापुरताच उरलाय. त्याला पुढे लोडर, म्हणजे दोन दांड्यांवर वरखाली होणारं बकेट, बसवावा असं डोक्यात आहे.

काम सांगतो. मुक्तसंचार गोठा आहे, लहानमोठी मिळून तीसेक जनावरं. मोकळ्या भागातलं वाळलेलं खत वर्षातून दोनदा निघतं. पण गव्हाणीपुढच्या काँक्रीटवरचं ओलं शेण रोज उचलावं लागतं आणि ते आई आणि बायको पाट्यांनी उकिरड्यावर नेतात. आईची कंबर आता साथ देत नाही. शिवाय मुरघासाच्या (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बंकरमध्ये कुट्टी पसरवायची, पुढे रोज मुरघास काढायचा. जेसीबी आतल्या फाटकातून शिरत नाही, फाटक सात फुटी आहे. उन्हाळ्यात गाळाच्या आणि मुरमाच्या कामावरून तो मोकळाही होत नाही.

तीन ठिकाणी विचारलं. एका पंजाबकडच्या कंपनीचा विक्रेता बसवून २ लाख ६० हजार म्हणतो. तालुक्याचा फॅब्रिकेशनवाला १ लाख ५५ हजारात करून देतो. आणि एक जुना लोडर ९० हजाराला आहे, पण तो स्वराज ८५५ वरून काढलेला. माझं बजेट दोनच्या आत. कोणता घेऊ, आणि घेताना काय बघू?

माळरान सांगोला

दादा, आधी हिशोब करा. आमच्याकडं जेसीबी तासाला बाराशे घेतो. वर्षातनं दोनदा खत काढायला धरा वीस तास, म्हणजे २४ हजार. दोन लाखांचा लोडर, वर टायर-बेअरिंगचा खर्च, तो निघायला आठ-नऊ वर्षं जाणार. तोवर ट्रॅक्टर तीस वर्षांचा होईल. खतासाठी घेत असाल तर घेऊ नका, मी तरी घेणार नाही. फाटक काढून दहा फुटी करा, पंधरा हजारात काम होईल.

गोठेवाला फलटण

माळरान दादा, खताचा हिशोब तुमचा बरोबर आहे. पण मला लोडर हवाय तो रोजच्या शेणासाठी आणि मुरघासासाठी, आणि त्या कामाला जेसीबी कोण बोलावणार? गडी लावायचा तर महिन्याचा पगार, आणि तो टिकतही नाही.

जुना मेस्त्री

रोजचं काम असेल तर लोडर घ्यायला हरकत नाही. पण भाव विचारायच्या आधी लोडर ट्रॅक्टरला कुठे धरतो ते विचारा. त्यावरच सगळं अवलंबून आहे.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी चेसी नसते. पुढचा अ‍ॅक्सलचा ब्रॅकेट, त्याला इंजिन, इंजिनाला क्लच हौसिंग (क्लचचं कवच), मग गिअरबॉक्स, मग मागचं डिफरन्शियल. सगळं बिडाचं आणि बोल्टने एकमेकांना जोडलेलं. हा सांगाडा मागे नांगर ओढायला केलेला आहे. पुढे लोंबतं वजन घेऊन धक्के खायला नाही.

स्वस्तातला लोडर करताना बरेच जण उभे खांब इंजिनाच्या बाजूला किंवा क्लच हौसिंगच्या बोल्टवर पट्टी मारून उभे करतात. दिसायला दणकट दिसतं. माझ्याकडे असा एक ट्रॅक्टर आला होता, मालक म्हणत होता ऑईल सील गेलंय, तेल गळतंय. डिझेलने धुतला तेव्हा इंजिन आणि क्लच हौसिंगच्या जोडावर, खालच्या बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर दिसली. त्यातून तेल झिरपून वर धूळ बसली होती म्हणून नुसती काळी रेघ दिसायची. हौसिंग बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन भाग करून उघडायचा. बिडाला वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण त्या जागी ते टिकत नाही.

म्हणून ज्याच्याकडून घ्याल त्याने आधी बसवलेला एखादा ट्रॅक्टर बघायला जा आणि त्याच्या खाली झोपून बघा. दोन्ही बाजूंनी चॅनेल पुढच्या ब्रॅकेटपासून निघून पोटाखालून मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगपर्यंत गेलेले पाहिजेत आणि तिथे यू-बोल्टने आवळलेले पाहिजेत. मध्येच संपले असतील तर भाव कितीही कमी असो, उठून या.

८५५ वरचा जुना लोडर सोडून द्या. दोन्ही ट्रॅक्टरची लांबी, बोल्टची भोकं, काहीच जुळत नाही. ब्रॅकेट आणि चॅनेल नवे करायचे, पंपाची जोडणी नवी करायची, मग ९० हजारात मिळाले काय, दोन दांडे आणि बकेट.

राहुरीकर

कृषी अभियांत्रिकी शिकलोय म्हणून जरा आकडेमोड करतो. कागद-पेन घेऊन तुम्हीही करून बघा.

बकेटचं स्वतःचं वजन १२० किलो आणि आत २८० किलो शेण, म्हणजे ४०० किलो धरू. हे वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे लटकतंय. पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर साधारण १.९ मीटर, तुमचं टेपने मोजून घ्या. मागच्या अ‍ॅक्सलपासून भाराचं अंतर ३.४ मीटर झालं. ४०० गुणिले ३.४ भागिले १.९, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवर ७१५ किलोच्या आसपास वाढतात. उचललेत ४०० आणि पुढे पडले ७१५. जास्तीचे ३१५ मागच्या चाकांवरून उचलले गेले. आणि ब्रेक मागच्याच चाकांना आहेत. लोडर वापरताना ट्रॅक्टर घसरतो, मागून हलका लागतो, त्याचं कारण हेच.

आता मालाचं बघा. ०.४ घनमीटरचं बकेट घेतलंत तर ओलसर शेणखत २८० किलोच्या आसपास बसतं. त्याच बकेटमध्ये मुरूम किंवा ओली माती भरली तर साडेसहाशे किलोच्या वर जाते. पुढच्या अ‍ॅक्सलवर हा भार जवळजवळ दुप्पट होऊन बसतो. साधं स्टेअरिंग आणि ६.००-१६ च्या टायरवर हे काम करू नये, लोडर कोणाचाही असो.

आणि लोडर उचलतोय म्हणजे ट्रॅक्टरला झेपतंय असं धरून चालू नका. ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) एक जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने बकेट उचलणारा सिलिंडर, १५० बारला साडेचार टनांच्या वर जोर लावतो. दांड्याच्या लांबीत त्यातला बराच जातो, तरी जॅकचा जोर अ‍ॅक्सलच्या ताकदीपेक्षा जास्तच राहतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब मर्यादेपुढे जाऊ न देणारा) गेज लावून सेट करून घ्या आणि नंतर कोणाला त्याला पाना लावू देऊ नका.

गोठेवाला फलटण

राहुरीकर, ७१५ चा आकडा बघून जरा दचकलो. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर चालेल का? नांगरटीला भरायचो.

राहुरीकर

पाण्याने मागची चाकं जमिनीला धरतील, ब्रेक लागेल, तेवढा फायदा आहे. पण ते वजन मागच्या अ‍ॅक्सलवरच बसतं, त्याने पुढचा भार एक किलोही कमी होत नाही. पुढचा भार उतरवायचा तर वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पाहिजे.

दोनशे लिटरचं बॅरल घ्या, काँक्रीट भरा. ४८० किलोच्या आसपास होतं. ट्रॅक्टरच्या मागे औजार जोडायच्या तीन पॉइंटला जोडलं की ते अ‍ॅक्सलच्या साधारण मीटरभर मागे येतं आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून अडीचशे किलो उतरवतं. ७१५ चे ४६५ झाले. पाणी आणि बॅरल दोन्ही करा.

कृष्णाकाठची

माझ्याकडे तालुक्यातच बनवलेला लोडर आहे, स्वराज ७३५ वर. गोठा आमचा वीस जनावरांचा. मी स्वतः चालवते, म्हणून थोडं वापरातलं सांगते.

बॅरलचं राहुरीकरांनी सांगितलं ते अगदी करा. आम्ही बॅरलच्या तळाशी लोखंडी आडवा दांडा आरपार घातला, दोन्ही टोकं बाहेर ठेवली, त्यावर खालचे दोन लिंक बसतात. वर टॉप लिंकसाठी दोन पट्ट्या काँक्रीट ओतायच्या आधीच आत रोवल्या. रोटाव्हेटर मागे लावून वजन करायचं काही जण सुचवतात, पण गोठ्यात मागे वळताना तो गव्हाणीला, खांबाला लागतो. बॅरल आटोपशीर आहे.

साध्या स्टेअरिंगवर भरलेलं बकेट घेऊन जागेवर चाक वळत नाही. मनगट भरून येतं. ट्रॅक्टर हळू सरकत असतानाच वळवायची सवय करा. पुढे जमेल तेव्हा पॉवर स्टेअरिंगचं किट टाका, मी दुसऱ्या वर्षी टाकलं आणि मग सासूबाईंनीही एकदा चालवून बघितला.

बकेटच्या ओठाला दात घेऊ नका. काँक्रीटवर शेण ओढायला सरळ पट्टी लागते, दात काँक्रीट खरवडतात आणि मधून शेण राहतं. पट्टी बोल्टवर बसवून घ्या, झिजली की बदलता येते. वाळलेल्या खताला आणि मुरघासाला काट्यांचा वेगळा फाळका करून घेतला आम्ही, दोन पिना काढल्या की बदलतो. मुरघास काढताना मात्र लोडरने खालून उकरू नका. वरचा कडा अंगावर येतो आणि आत हवा शिरून पुढचा माल खराब होतो. वरून खाली पट्टी ओढल्यासारखं काढायचं, तोंड सरळ ठेवायचं.

आणि एक. भरलेलं बकेट घेऊन जाताना ते जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. वर धरून वळलं तर ट्रॅक्टर कलंडतो. घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा, चालू लोडरच्या खाली आणि समोर कोणी यायचं नाही. बकेटमध्ये माणूस उभा करून पत्रे बसवणं, नारळ काढणं, हे आमच्याकडे कोणालाच करू देत नाही. होज (तेलाचा रबरी पाईप) फुटला तर बकेट क्षणात खाली येतं.

गोठेवाला फलटण

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मला पण शिकायचंय.

आता पंपाचं विचारतो. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, मागचं औजार उचलणाऱ्या लिफ्टच्याच तेलावर चालवू, वेगळा पंप नको, १८ हजार वाचतील. कंपनीवाला वेगळा पंप देतो. काय करू?

फॅब्रिकेशन इस्लामपूर

मी हाच धंदा करतो, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. वेगळा पंप घ्या.

लिफ्टचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल जुन्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक एकच असतं. वीस वर्षांच्या गिअरबॉक्समधला लोखंडाचा किस आणि पाणी मग थेट तुमच्या जॅकमध्ये जाणार, आणि होज फुटला तर गिअरबॉक्स रिकामा होणार. जुन्या मॅसी (मॅसी फर्ग्युसन) ट्रॅक्टरमध्ये तर लिफ्टचा पंप मागच्या हौसिंगमध्ये पीटीओच्या (औजार फिरवणाऱ्या) शाफ्टवर असतो. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की पंप बंद. लोडरच्या कामात क्लच सारखा दाबायचा असतो, मग बकेट उचलायचं कधी?

पुढे क्रँकपुलीवरून चालणारा गिअर पंप आणि स्वतंत्र टाकी घ्या. १६ सीसीचा पंप दीड हजार फेऱ्यांवर मिनिटाला २४ लिटर तेल देतो. ६३ बोअरचे, ७०० मिलिमीटर स्ट्रोकचे (दांडा तेवढा बाहेर येणारे) दोन जॅक भरायला सव्वाचार लिटरच्या आसपास तेल लागतं, म्हणजे अकरा सेकंदांत बकेट पूर्ण वर. शेणाला एवढा वेग भरपूर झाला. मोठा पंप मागू नका, पाईप तापतात आणि धक्के वाढतात. टाकी चाळीस-पन्नास लिटरची, ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑईल, परतीच्या लाईनला फिल्टर. पंपाची कपलिंग सरळ रेषेत बसली पाहिजे, तिरकी बसली तर क्रँकचं पुढचं सील जातं.

आता १ लाख ५५ हजारात काय वाचवलं जातं ते ऐका. जॅकची नळी आतून होनिंग केलेली (घासून गुळगुळीत केलेली) पाहिजे, काही जण साधी पाईप लेथवर साफ करून वापरतात, सहा महिन्यांत सील खाते. जॅकचा दांडा हार्ड क्रोमचा आहे का बघा. पिना साध्या गोल सळईच्या असतील तर नको म्हणा, ईएन-८ (मजबूत पोलाद) च्या किमान ३० मिलिमीटरच्या घ्या, प्रत्येक पिनेला बुश (पिनेभोवतीची बदलता येणारी नळी) आणि ग्रीस निपल. बुश नसेल तर पीन लोडरच्या दांड्याचंच भोक मोठं करते, आणि ते भोक पुन्हा सहज भरता येत नाही.

पैसे पूर्ण द्यायच्या आधी एक चाचणी करा. बकेट भरून कमरेएवढं उचला, इंजिन बंद करा, जॅकच्या दांड्यावर खडूने खूण करा आणि चहा पिऊन या. खूण चार बोटं सरकली असेल तर जॅकचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. तिथेच दुरुस्त करून मागा.

माळरान सांगोला

माहिती चांगली चालली आहे. माझं मत रोजच्या कामापुरतं बदललं. पण दादा, एकदा लोडर आला की गावातनं फोन येणार, जरा मुरूम भरून द्या, भाडं देतो. तिथं जपा. मुरूम म्हणजे गौण खनिज, तहसीलची परवानगी नसलेल्या ठिकाणी सापडला तर गाडी जप्त होते आणि दंड गाडीवाल्याला. आणि विमा शेतीकामाचा असताना भाड्याच्या कामावर अपघात झाला तर कंपनी दावा अडवते. लोडर बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा आणि आरटीओत काही नोंद लागते का ते विचारून घ्या.

जुना मेस्त्री

पुढच्या अ‍ॅक्सलचं राहिलं होतं. लोडर बसवायच्या आधी पुढचा भाग जॅकवर उचला आणि चाक वरखाली, आजूबाजूला हलवून बघा. खळखळलं तर बेअरिंग किंवा किंगपिनचे (ज्यावर चाक वळतं त्या पिनेचे) बुश गेलेत. मग मधल्या पिनेजवळ पहार घालून अ‍ॅक्सल हलवा, सेंटर पिनेचा बुश जुन्या ट्रॅक्टरला हमखास गेलेला असतो. हे सगळं आधी नवं करून घ्या, नंतर लोडर उतरवून करायला दुप्पट वेळ लागतो. टायर आठ प्लायचे टाका, सहा प्लायचे असतील तर.

क्लचचंही सांगतो. खत भरताना पुढे-मागे, पुढे-मागे दिवसभर चालतं आणि या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स टाकायचा तर ट्रॅक्टर पूर्ण थांबवावा लागतो. घाईत गिअर ओरडवू नका, आणि अर्ध्या क्लचवर बकेट ढिगात खुपसू नका. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून ढिगात जायचं.

गोठेवाला फलटण

मंडळी, ठरलं ते कळवतो. फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो आणि त्याने बसवलेले दोन ट्रॅक्टर खाली झोपून बघितले. एकाचे चॅनेल मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत होते, दुसऱ्याचे गिअरबॉक्सपाशीच संपले होते. त्याला तसं दाखवल्यावर तो म्हणाला, गिऱ्हाईक पैसे कमी करतं म्हणून लोखंड कमी करावं लागतं. मी म्हटलं, माझं पूर्ण कर.

वेगळा पंप, टाकी, होनिंगचे जॅक, बुश आणि ईएन-८ च्या पिना, मागपर्यंत चॅनेल, सरळ पट्टीचं ०.३५ घनमीटरचं बकेट आणि काट्यांचा फाळका असं सगळं कागदावर लिहून १ लाख ९२ हजारात ठरलं. निम्मे आधी, उरलेले खडूची चाचणी झाल्यावर. किंगपिन, बेअरिंग, सेंटर बुश आणि दोन टायरचे २१ हजार वेगळे गेले, बजेटच्या थोडं वर. कंपनीचा लोडर तर या लोडरपेक्षा अडुसष्ट हजारांनी महाग होता. मुरूम आणि माती घालायची नाही हे घरात सांगून टाकलंय.

एक शेवटचं विचारतो. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर मोकळा लागतो. लोडर काढता-घालता येईल असा करून घेऊ का?

फॅब्रिकेशन इस्लामपूर

घ्या. चॅनेल कायमचे राहू द्या, वरचे दांडे प्रत्येक बाजूला दोन पिनांवर ठेवायला सांगा आणि दांड्यांना उभं राहायला पाय करून घ्या. होजला क्विक कपलर लावा आणि त्यांना टोप्या असू द्या, नाहीतर गोठ्यातली धूळ तेलात जाते. काढल्यावर जॅकचे दांडे आत घेऊन ठेवा, बाहेर राहिलेल्या क्रोमला पावसाळ्यात गंज चढतो आणि तोच सील फाडतो.

जुना मेस्त्री

आणि बसवल्यावर पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवा रंग दबतो, प्लेट बसतात, बोल्ट ढिले पडतातच. पुढच्या ब्रॅकेटचे आणि मागच्या यू-बोल्टचे आधी. त्यानंतर दर महिन्याला एकदा, ग्रीस मारताना.